टीव्ही धड आहे ना?

मसुरे,
५ ऑक्टोबर १९८७

चि. सुगंधा,

आशीर्वाद. पाकिटात आपट्याचं पान घातलं तर वाटेत चुरा होतो, म्हणून दसऱ्याचं सोनं शब्दांनीच देतो. मामीला माझा आणि सीताचा नमस्कार सांग.

आता कामाचं. मे महिन्यात तुझ्या मागे लागून, लॅमिंग्टन रोडवर पायपीट करून आणलेला कॉम्प्युटरचा संच मी अखेर जोडून पुरा केला. शाळेतून आलो की टेबल, सोल्डरिंग आयर्न आणि भिंग, दुसरं काही नाही. सीता म्हणते, मुलांची नावं तरी लक्षात आहेत का बघा. असू दे. मसुऱ्यात कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी जोडणारा पहिला माणूस तुझा हरीदादा आहे आणि हे मी नम्रपणे लिहितो आहे.

दसऱ्याला मुहूर्त केला. आमच्याकडे टीव्ही नाही, तो शेजारी अक्काकडे. तिच्या मुलाने, सत्यवानने, बहारीनहून आणलेला. अक्का सणाला मालवणात नणंदेकडे गेली होती, घराची किल्ली माझ्याकडे. कॉम्प्युटरची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घातली, बटण दाबलं, लाल दिवा लागला. पण पडद्यावर अक्षर नाही, रेघ नाही, नुसत्या मुंग्या. सगळी चॅनल फिरवून पाहिली. मागचं झाकण काढून टीव्हीच्या आतही पाहिलं, नुसतं पाहिलं.

तू टीव्हीच्या कारखान्यात, टेस्टिंग खात्यात, रोज हेच करतेस, तेव्हा तूच सांग काय चुकलं असेल. जरा घाई कर. दिवाळीच्या सुट्टीनंतर पडद्यावर तुमची नावं उमटतील, असं मी दहावीच्या वर्गाला सांगून बसलो आहे. मुख्याध्यापकांनाही सांगितलं आहे. तोंडघशी पडायची वेळ आली आहे.

तुझा,
हरीदादा

---

गोरेगाव, मुंबई,
१२ ऑक्टोबर १९८७

प्रिय हरीदादा,

तुझं सोनं पोचलं. आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हरीन नेमका केल्यान काय?" मी म्हटलं, एक पेटी केली आणि ती बोलत नाही.

दिवा लागतो याचा अर्थ एवढाच की वीज येते. डॉक्टरकडे गेल्यासारखी उत्तरं दे, एकही चुकवू नकोस.

सगळ्यात आधी, टीव्ही धड आहे ना? म्हणजे कॉम्प्युटर काढून अँटेना लावली की पणजीचं केंद्र, आपलं गोवा, पूर्वीसारखं दिसतं ना? हे आधी पक्कं करायचं असतं, कारण टीव्हीच बिघडला असेल तर कॉम्प्युटर कितीही चांगला चालू दे, आपल्याला दिसणार काय? मग व्होल्टेज. आपल्याकडे दिवेलागणीला बल्ब काजव्यासारखे होतात, तेव्हा काम सकाळी कर. मग सोल्डरचा एकेक डाख भिंगातून बघ. चांगला डाख चकचकतो, कच्चा डाख पिठूळ दिसतो. पिठूळ दिसला की पुन्हा तापव.

आणि दादा, टीव्हीच्या आत हात घालू नकोस. आत विजेचा धक्का बसतो तो वेगळाच, शिवाय आतले स्क्रू कारखान्यात जुळवलेले असतात.

ऑफिसात आमच्या सरांना तुझ्या संचाच्या जोडणीचा नकाशा दाखवला, त्याची प्रत माझ्याकडे आहे. मास्तर माणसाने एकट्याने जोडला याचं त्यांना कौतुक वाटलं. मीही जरा फुशारून गेले.

तुझी,
सुगंधा

---

मसुरे,
२० ऑक्टोबर १९८७

चि. सुगंधा,

आशीर्वाद. तुझ्या सरांना माझे धन्यवाद कळव.

उत्तरं अशी. टीव्ही उत्तम आहे, गोवा स्वच्छ दिसतं. व्होल्टेज सकाळी ठीक असतं. डाख सगळे तपासले, चौदा पिठूळ निघाले, ते पुन्हा केले. आयसी काढून पुन्हा बसवल्या. तरी मुंग्याच. आता दोष कॉम्प्युटरच्याच पोटात असणार. एखादी आयसी मेली असेल का? तुला तिकडे मिळाली तर पाठव.

इकडे एक गंमत चालू आहे, तुला हसू येईल. बाबली पाडेली आठवतो ना, माडावरून नारळ पाडणारा? लहानपणी तुला शहाळी द्यायचा तो. अक्काच्या परसात राखणदाराचा दगड आहे, त्यावरच्या जांभळीची एक फांदी त्याने गणपतीआधी तोडली. परवा माडावरून चार हात घसरला, छाती सोलवटली. झालं! राखणदार कोपला असं वाडीने ठरवून टाकलं. येत्या रविवारी तिथे नारळ, कोंबडा आणि गाऱ्हाणं आहे. मी विज्ञान शिकवतो त्याच गावात हे चाललेलं असतं, काय बोलणार.

तुझा,
हरीदादा

---

गोरेगाव,
२ नोव्हेंबर १९८७

हरीदादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन आयसी विकत आणून, कापसात गुंडाळून ठेवल्या. त्या पाठवत नाही. का ते लिहिते.

गेला आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं तुझा नकाशा पसरून बसत होतो. सर पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "आधी विचार, टीव्ही धड आहे ना." मी म्हटलं, विचारलंय, तो विज्ञानाचा मास्तर आहे, नीट बघूनच लिहिलं असणार. मग आम्ही तुझ्या मशीनमध्ये नसलेला दोष शोधत राहिलो.

परवा आईला अक्काचं पत्र आलं. कोणाकडून लिहून घेतलंय कोण जाणे, पण बोलणं तिचंच. तसंच उतरवते: "दसऱ्यापासून टीव्ही बंद आसा. नुसते मुंगये. हरीन सांगल्यान अँटेना हलली आसतली. बाबली तीन दिस कौलांर चढलो, काय एक झाला नाय. तेना राखणदाराच्या जांभळीची फांदी तोडल्यान, त्येचाच ह्या फळ. आता बिचारो भियाक लागलो आसा."

दादा, बाबली घसरण्याच्या आधीपासून टीव्ही बंद होता. तू मला लिहिलंस, गोवा स्वच्छ दिसतं.

मला सरांना सांगावं लागलं की माझ्या भावाने खरं सांगितलं नव्हतं. त्यांनी नकाशा घडी करून परत दिला. मला फार लाज वाटली. खरं काय झालं ते लिही, नाहीतर हा पत्रव्यवहार इथेच थांबवू.

सुगंधा

---

मसुरे,
१२ नोव्हेंबर १९८७

चि. सुगंधा,

पत्र शाळेत मिळालं. शिक्षकांच्या खोलीत उघडलं, चार ओळी वाचल्या आणि घडी करून खिशात ठेवलं. दिवसभर शिकवताना खिशावर हात जात होता, कोणी ते वाचेल म्हणून.

आता लिहितो ते एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा कुठेतरी फाटा फोडीन.

दसऱ्याच्या दिवशी मी टीव्हीच्या आत नुसतं पाहिलं नाही. चॅनलच्या खटक्यामागे तांब्याच्या तारेची छोटी कॉइल दिसली, तिच्या पोटात काळा स्क्रू. वाटलं, हा थोडा फिरवला की टीव्ही माझ्या कॉम्प्युटरशी जुळेल. कुणाला विचारलं नाही. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने फिरवला, अडकला, जोर केला आणि कट्ट आवाज आला. अर्धा स्क्रू तुटून माझ्या तळहातावर. अँटेना लावून पाहिली, गोवाही गेलं होतं. मी झाकण बसवलं, स्क्रू घट्ट केले आणि मग धोतराच्या सोग्याने टीव्हीवरची धूळ पुसली, बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून. एकेचाळीस वर्षांचा माणूस, सुगंधा, आणि ठसे पुसत होतो.

संध्याकाळी अक्का आली. बटण दाबून म्हणाली, "हरी, ह्या काय झाला रे?" मी म्हटलं, अँटेना हलली असेल. तोंडातून गेलं आणि मग ते परत घेता येईना. सत्यवान जाताना टीव्ही माझ्या भरवशावर ठेवून गेला होता. तिला वाटतं जगातलं कुठलंही यंत्र हरीला कळतं. मलाही तसंच वाटत होतं.

अक्काने बाबलीला बोलावलं. तीन दिवस तो कौलांवर चढून अँटेना फिरवत होता, आणि मी अंगणात उभा राहून "अजून जरा डावीकडे, जरा डावीकडे" असं ओरडत होतो. मला ठाऊक होतं की ती कुठेही फिरवली तरी काही दिसणार नाही. हे मी रोज रात्री आठवतो आणि कुशीवर वळतो.

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. जांभळीची फांदी बाबलीने आपणहून तोडली नाही. गणपतीआधी अँटेना बसवताना पणजी नेमकी कुठल्या बाजूला ते मीच होकायंत्र लावून ठरवलं आणि फांदी आड येते म्हणून तोडायला लावली. तो कचरत होता. मी म्हटलं, काही होत नाही, मी सांगतोय ना. वाडीत चर्चा सुरू झाली तेव्हा बाबली एकदाही म्हणाला नाही की मास्तरांनी सांगितलं. कदाचित माझं नाव घेणं त्याला बरं वाटलं नसेल.

गाऱ्हाण्याला मी गेलो होतो. न जाऊन कसं चालेल, अक्काचं परस. बाबलीने स्वतःचा कोंबडा आणला होता. दगडावर कपाळ टेकून तो इतका वेळ राहिला की त्याच्या बायकोने, तुळसाने, खांद्याला हात लावून उठवला. गावच्या देवस्थानच्या घाड्याने हात वर करून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराकडसून कळत नकळत चूक झाली आसात, तर ती पदरात घी, त्येच्या हातापायाक राखण दी, आणि ह्या घरातली बंद पडलेली वस्तू चालू कर!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. माझा आवाज वर्गात शिकवून मोठा झालेला, तो सगळ्यांत वर ऐकू आला.

टीव्ही अर्थातच चालू झाला नाही. त्यामुळे राखणदाराने गाऱ्हाणं मानलं नाही असं बाबलीने धरलं. आता तो माडाखाली येतो, वर बघतो, कमरेचा कोयता चाचपतो आणि घरी जातो. पंचवीस वर्षं चढणारा माणूस. परवा मला म्हणाला, "पाय उचलाच नाय, मास्तर." मी त्याला सांगितलं, होईल बरं. एवढंच सांगितलं.

तू पत्रव्यवहार थांबवलास तरी तुझी चूक नाही.

हरीदादा

---

गोरेगाव,
२१ नोव्हेंबर १९८७

प्रिय दादा,

थांबवत नाही. पण माझा राग गेलेला नाही. तुला टीव्ही दुरुस्त करता येत नाही याचा राग नाही. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी असला स्क्रू मोडतो, मीही मोडला आहे.

सोबतच्या डबीत तसलाच काळा स्क्रू आहे. दोन जास्तीचे घातले आहेत, तुझा हात माहीत आहे म्हणून. तो दगडासारखा ठिसूळ असतो, लोखंड लावायचं नाही. बांबूची काडी चपटी तासून घे. टीव्ही बंद करून, पिन काढून, तासभर थांबून मग तुटलेला तुकडा काढ. नवा बसवून झाला की तो काडीने गोवा दिसेपर्यंत हळूहळू आत ने. चालू टीव्हीत दुसरा हात पाठीमागे ठेवायचा, हे विसरू नकोस. मग कॉम्प्युटर. त्याच्यावर चित्र टीव्हीकडे पाठवणारी पत्र्याची छोटी डबी आहे ना, तिला एक भोक आहे, आतला स्क्रू त्याच काडीने फिरवायचा. जुळवायची होती ती ही डबी, टीव्ही नव्हे.

आता दुसरं. तू टीव्ही गुपचूप सुरू केलास की वाडी म्हणेल राखणदार पावला. बाबली चढायला लागेल, अक्का खूश, तू सुटलास. मी हे लिहिलं नाही तरी तुझ्या मनात येईलच, म्हणून आधीच लिहिते. काय करायचं ते तू ठरव. पण बाबलीने तुझं नाव कोणापाशी घेतलं नाही, हे तूच मला लिहिलं आहेस.

सुगंधा

---

मसुरे,
१५ डिसेंबर १९८७

चि. सुगंधा,

आशीर्वाद. टीव्ही सुरू झाला. दोन स्क्रू मोडले, तिसरा बसला.

अक्का "राखणदार पावलो गे बाय!" म्हणत दगडाकडे धावली आणि बाबलीला बोलावणं गेलं. तो आला तसा मी त्याला गोठ्यामागे नेलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, स्क्रूचं, धूळ पुसल्याचं, अँटेनाचं.

तो ऐकत राहिला आणि शेवटी हसला. म्हणाला, "मास्तरांनू, माका कळता. तुमी माझो भिया घालवूक असा सांगतास. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या हातान टीव्ही मोडात? फांदीचो दोष तुमी आपल्या अंगार घेतलास. असो माणूस खंय गावता आजकाल?" मी पुन्हा सांगायला लागलो तर त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी तो अकरा माड चढला. संध्याकाळी तुळसा आमच्या पडवीत शहाळ्यांचा घड ठेवून गेली. आता वाडीत मला पूर्वीपेक्षा जास्त मान आहे. ती शहाळी मी प्यायलो, सुगंधा. नको म्हणायला हवं होतं.

कॉम्प्युटर सुरू झाला आहे. पडद्यावर अक्षरं येतात, पण प्रत्येक अक्षरातून उभ्या रेघा जातात, फणीचे दात असावेत तशा. काय असेल?

हरीदादा

---

गोरेगाव,
२४ डिसेंबर १९८७

प्रिय दादा,

सारख्या अंतरावर रेघा असतील तर मेमरीच्या एखाद्या आयसीचा पाय भोकात न जाता पोटाखाली दुमडला असेल. वरून बसल्यासारखी दिसते, बसलेली नसते. काढून उलटी करून बघ.

बाबलीने विश्वासच ठेवला नाही, तर तू सांगितलंस असं होतं का? तू त्याला गोठ्यामागे सांगितलंस, टीव्हीपुढे नाही. मी तुझ्या जागी असते तर शहाळी मीही प्यायले असते, म्हणून जास्त लिहीत नाही. आईचा आशीर्वाद.

सुगंधा

---

मसुरे,
१८ फेब्रुवारी १९८८

चि. सुगंधा,

आशीर्वाद. तू म्हणालीस तसाच एक पाय दुमडलेला निघाला. रेघा गेल्या. शाळेत दाखवून झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी हार घातला. घरी येताना तो पिशवीत घालून आणला.

संक्रांतीला मी अक्का आणि बाबलीला टीव्हीसमोर बसवलं. टीव्ही चालू ठेवून मागचं झाकण काढलं. बांबूची काडी बाबलीच्या हातात दिली, त्याचं मनगट धरलं आणि म्हटलं, हा स्क्रू फिरव. तो घाबरत होता. एक वेढा फिरवला आणि गोवा गेलं, मुंग्या आल्या. म्हटलं, आता उलट फिरव. फिरवला, चित्र परत आलं. त्याने आपणहून पुन्हा एकदा केलं, जायचं चित्र गेलं, यायचं आलं. मग मी म्हटलं, दसऱ्याला हाच मी मोडला होता.

अक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "हरी, माका सांगलं असतंस तर मी तुका खाल्लंय असतंय काय रे?"

बाबलीने काडी हळूच टीव्हीवर ठेवली. पडद्याकडे बघितलं, तिथे कोणीतरी शेतीवर बोलत होतं. मग त्याने विचारलं, "मास्तर, मी थंय दगडार कपाळ टेकलंय तेवा तुमी थंयच होतास मां?"

मी म्हटलं, होतो.

"आणि तुमका म्हायत होता?"

मी म्हटलं, हो.

तो उठला, अक्काला "येतंय गो" म्हणाला आणि गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याची भीती गेली, ती मात्र खरोखरची गेली. सगळ्या वाडीचे माड तो चढतो, अक्काचेही. परवा जांभळीवर चढून वाळकी डहाळी काढून आला, राखणदाराला नुसता हात जोडून. पण आमच्या कुंपणाशी आला की पलीकडच्या वाटेने जातो. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन, नारळ पाडायला ये म्हणून सांगून आलो. बसायला पाट दिला, पाणी दिलं, "बगूया" म्हणाला. त्याच्यात राग दिसत नाही. माझ्या माडांवर चढायची त्याची इच्छा राहिली नाही, इतकंच. दुसऱ्या पाडेल्याला बोलवायची माझी हिंमत होत नाही.

आमच्या सातही माडांवर नारळ वाळून गेले आहेत आणि आपोआप खाली येतात. सीता मुलांना अंगणात जाऊ देत नाही. हे पत्र लिहायला बसल्यापासून दोन पडले.

तुझा,
हरीदादा